गेम अजून झाला नाही, पण डायलॉग ऐका!

सिनेमा यायच्या आधी त्याचा ट्रेलर येतो. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडाची गाडी भोंग्यावरून वगाचं नाव सांगत दिवसभर फिरते, मग रात्री तंबू भरतो. पण ज्या गेमची निम्मी चित्रं अजून व्हायची आहेत, ज्यात घोडा चालताना मधेच जमिनीत जातो, त्याची जाहिरात कशी करायची? आमच्यापुढे हा प्रश्न आला आणि उत्तर फार स्वस्तातलं निघालं. डायलॉग! गोष्टीतले दोन-तीन संवाद लोकांसमोर ठेवायचे आणि पुढचं सांगायचं नाही. याला टीझर म्हणतात, म्हणजे डिवचणारा, खोडी काढणारा. आपल्या हॉस्टेलात हे काम बाराही महिने बिनपगारी चालतं, त्यामुळे शिकायला वेगळा क्लास लागत नाही.

(शीर्षकातल्या ‘गेम झाला’ या शब्दांचा हॉस्टेलमधला अर्थ वेगळा आहे. तो इथे घेऊ नये, परीक्षा जवळ आली असली तरी.)

तर आम्ही चौघं मिळून ‘राखणदार’ नावाचा एक गेम करतोय. दोघं कोडिंग करतात, एक चित्रं काढतो आणि मी लिहितो. गोष्ट कंधारच्या परिसरात घडते. नांदेडहून साधारण 50 किलोमीटरवरचं कंधार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पाण्याच्या खंदकाचा भुईकोट किल्ला, राष्ट्रकूटांच्या काळातलं जगत्तुंग समुद्र नावाचं मोठं तळं, आणि जवळ मानसपुरीला एका अवाढव्य दगडी मूर्तीचे तुकडे. जाणकार ही मूर्ती क्षेत्रपालाची मानतात. क्षेत्रपाल म्हणजे त्या जागेचा राखणदार. एवढं सामान घराजवळ पडलेलं असताना परदेशी ड्रॅगन कशाला आणायचा, असं आमचं मत पडलं. आमच्या गोष्टीत त्या राखणदाराचा फक्त एक पाय उरलाय, आणि तो पाय बोलतो. त्याच्याशी बोलणारी मुलगी आहे गोदा, वय वर्षं बारा.

आता टीझरचा संवाद कसा निवडायचा ते सांगतो. आधी कसा नसावा ते बघू. हा नमुना मी मुद्दाम तयार केलाय:

‘मी अंधारलोकाचा सम्राट! हजार वर्षांपूर्वी सात ऋषींनी मला सात कुलपांत कोंडलं होतं. आता मी परत आलो आहे. या जगाचा विनाश अटळ आहे!’

वाचून काय वाटलं? काहीच नाही. सगळी माहिती एका दमात सांगून टाकली, त्यामुळे विचारायला काही उरलंच नाही. दुसरं म्हणजे हा माणूस बोलतोय कुणाशी? समोर कोणीच नाही. आणि तिसरं, हे मराठी कुणाच्या घरी बोलतात? डब केलेल्या कार्टूनमधल्या राक्षसाच्या घरी बोलत असतील. फॅन्टसी लिहायला बसलं की आपली मुलं अचानक असं छापील बोलायला लागतात, हा एक वेगळाच रोग आहे.

आता आमच्या गेममधल्या या तीन ओळी बघा:

पाय : थांब पोरी. पुढं पाणी आहे.
गोदा : कुठाय पाणी? तळं आटून तीन वर्षं झाली.
पाय : म्हणूनच म्हणतोय, थांब.

यात माहिती जवळजवळ नाहीच. राखणदार कोण, तळं का आटलं, कुणी आटवलं, काही सांगितलेलं नाही. पण दोन माणसं आहेत (बरं, एक माणूस आणि एक पाय), दोघांना एकच गोष्ट वेगळी दिसतेय, आणि शेवटची ओळ पहिल्या ओळीला उलटी करून टाकते. वाचणारा पुढे जायला निघतो आणि तिथेच आपण पडदा पाडतो. टीझरचा संवाद म्हणजे चालू भांडणाचा मधला तुकडा. मेसमध्ये शेजारच्या टेबलावर दोघं हळू आवाजात भांडत असले की आपला घास जसा हातातच राहतो, तसं व्हायला पाहिजे. भांडण कशावरून हे कळलं की आपण परत जेवायला लागतो.

ही युक्ती आमची नाही आणि कॉम्प्युटरच्या जमान्यातलीही नाही. विक्रम आणि वेताळ आठवा. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. गेम डिझाइनच्या नजरेने बघा हो, याच्यापेक्षा कडक नियम कुठे सापडेल? दोन्ही बटणं तोट्याची, आणि एक तर दाबावंच लागतं. सगळा खेळ एका संवादावर उभा आहे, तलवार काढायची गरजच नाही. गोष्टी पंचवीस, आणि शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नाही म्हणून तो गप्प राहतो, तिथे साखळी तुटते. आपण लहानपणी ‘चांदोबा’त हे वाचलं किंवा आजोबांकडून ऐकलं. पण वेताळ पुढच्या महिन्याची ग्राहकी आधीच पक्की करून ठेवत होता, हे कुणी सांगितलं नाही.

या वेताळकथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत. सोमदेव अकराव्या शतकातला काश्मीरचा पंडित. पण त्याने जिच्या आधाराने लिहिलं ती मूळ ‘बृहत्कथा’ गुणाढ्याची, आणि गुणाढ्याची दंतकथा घडते कुठे तर प्रतिष्ठानात. म्हणजे आपल्या पैठणात! गोदावरी तिथून वाहत पुढे नांदेडलाच येते, म्हणून हे थोडं सविस्तर सांगतो. टीझरच्या विषयावर याच्यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी वैतागून संस्कृतात म्हणाली की पाणी उडवू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन झालं ‘मोदकैः’. राजाचं संस्कृत कच्चं. त्याने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, राजाला लाज वाटली आणि त्याने अंथरूण धरलं. आता बघा, एका शब्दाचा डायलॉग, आणि त्यावर सगळी गोष्ट सुरू होते. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. (शॉर्ट नोट्स आणि टेक्स्टबुक यांचं भांडण तेव्हापासूनचं आहे.) गुणाढ्याने पैज लावली की हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून देईन. शर्ववर्म्याने जमवून दाखवलं. गुणाढ्य बोलणंच बंद करून जंगलात गेला, तिथे पैशाची भाषा शिकला, आणि त्या भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाकडे पाठवली. राजाने ती परत पाठवली, भाषा हलकी म्हणून.

मग गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान वाचायचं आणि जाळायचं. ऐकायला कोण, तर जंगलातली जनावरं. ती चरायची सोडून भोवती बसली आणि रडत ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला. चौकशी झाली तेव्हा शिकारी म्हणाले, महाराज, जनावरं खात नाहीत, कुणीतरी काहीतरी वाचतंय. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले होते.

ही दंतकथा आहे, आणि ‘बृहत्कथा’ मूळ रूपात आज कुठेच उपलब्ध नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. राजाकडे संपूर्ण ग्रंथ आला होता, तेव्हा त्याने उघडून पाहिला नाही. ‘उत्तम ग्रंथ आहे’ हे त्याला पटलं नाही. ‘जनावरं खात नाहीत’ या वाक्यावर मात्र तो जंगलात पळाला. म्हणून पोस्टरवर ‘अप्रतिम कथा, जबरदस्त अनुभव’ असं लिहून फायदा नसतो. ते प्रत्येकच पोस्टरवर असतं.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण देतो. 1999 मध्ये ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ नावाचा गेम आला. नायक शवागारात जागा होतो, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, आणि मरणही येत नाही. या गेममध्ये सुमारे 8 लाख शब्द आहेत असं सांगतात, म्हणजे आपल्या आठ सेमिस्टरच्या सबमिशनला भारी. पण इतक्या शब्दांतून लोकांच्या लक्षात राहिला तो एक प्रश्न, माणसाचा स्वभाव कशाने बदलतो हा. एक म्हातारी चेटकीण तो विचारते आणि सगळा गेम त्या प्रश्नाभोवती फिरतो. गेम न खेळलेल्या माणसालाही तो प्रश्न सांगितला की तो दोन मिनिटं गप्प बसतो. आमच्या विंगमध्ये प्रयोग करून झालाय. एकाने उत्तर दिलं, ‘प्लेसमेंटनं’.

जवळचं उदाहरण पुण्याचं. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या टीमने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम केला. सर्कशीत काम करणारी राजी आपल्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीची मोहीम काढली, खेळायला एक छोटा नमुनाही दिला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरी काम चालू ठेवलं आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. यातल्या गोष्टीचं निवेदन मला फार आवडतं. राजी लढत असते आणि वरून विष्णू आणि दुर्गा आपापसात तिच्याविषयी बोलत असतात. म्हणजे निवेदनसुद्धा संवादातच. एकटा निवेदक ‘राजी शूर होती’ म्हणाला असता तर आपण मान डोलावली असती. दोघं बोलतात म्हटल्यावर मतभेदाला जागा राहते, आणि आपण कान देतो. मात्र या गेमवर एक तक्रारही झाली. शेवट अचानक आटोपला असं बऱ्याच समीक्षकांनी लिहिलं. भूक जितकी वाढवाल तितकं ताट भरलेलं लागतं. आम्ही हे वाक्य कोडिंगवाल्यांच्या मॉनिटरला चिकटवून ठेवलंय, त्यांनी ते मेसच्या तक्रारवहीत लिहा म्हणून काढून टाकलं.

आता थोडं इंजिनिअरिंग. गेममधला संवाद सरळ रेषेत जात नाही, झाडासारखा फुटतो. गोदाला प्रत्येक वेळी तीन उत्तरांचे पर्याय दिले आणि असं पाच वेळा झालं, तर 3 चा पाचवा घात, म्हणजे 243 वाटा होतात. सगळ्या कोण लिहिणार? म्हणून फांद्या थोड्या अंतरावर परत खोडाला जोडाव्या लागतात. टीझरसाठी ओळ निवडताना ती खोडावरची आहे की फांदीवरची हे आधी बघायचं. समजा तिसऱ्या पायरीच्या एकाच फांदीवरची झकास ओळ तुम्ही पोस्टरवर टाकली. पर्याय सारखेच निवडले जातात असं धरलं तर ती ओळ 27 खेळाडूंमागे एकालाच दिसेल. उरलेले 26 म्हणतील, पोस्टरवर होतं ते कुठाय बे? त्यांचं बरोबर आहे. आम्ही आतापर्यंत दिलेल्या सगळ्या ओळी खोडावरच्या आहेत, कोणत्याही वाटेने गेलात तरी भेटतील.

दुसरी अडचण देवनागरीची. ‘कि’ लिहिताना वेलांटी दिसते आधी, पण कॉम्प्युटरमध्ये साठवली जाते ‘क’च्या नंतर. ती उचलून पुढे नेणं, जोडाक्षरं जुळवणं हे काम करायला वेगळी व्यवस्था लागते. काही गेम इंजिनांच्या नेहमीच्या टेक्स्टमध्ये ती नसते, मग ‘किल्ला’चा ‘कल्ला’ होतो आणि वेलांटी भलत्याच जागी लोंबकळते. 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये ही सोय आतच आहे आणि ते फुकट आहे, म्हणून आम्ही तेच घेतलं. टीझर चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये छान सजवता येतो, पण आम्ही तो गेम चालवून स्क्रीनवरूनच उचलतो. जे अक्षर पोस्टरवर तेच आत.

आता भाषेचं. ‘हिंदीत करा, इंग्लिशमध्ये करा, मराठीत कोण खेळणार’ असं आम्हाला आतापर्यंत निदान वीस जणांनी ऐकवलंय, आणि त्यातले एकोणीस मराठीतच बोलत होते. पुण्याच्या त्या गेममधले देवसुद्धा आधी इंग्रजीत बोलले, 2022 च्या सुधारित आवृत्तीत त्यांना हिंदी आवाज मिळाला. मग निदान आमच्या पायाने तरी कंधारकडचं बोलावं! एकच ओळ दोन प्रकारे लिहून बघा. ‘आपले उर्वरित शरीर कोठे आहे?’ असं गोदाने विचारलं तर पाय लगेच परत दगड होईल. म्हणून ती अशी विचारते:

गोदा : आजोबा, तुमचं बाकीचं अंग कुठं गेलं हो?
पाय : तुमच्या घराच्या पायरीला काय लावलंय, बघितलंस का कधी?

याच्या पुढची ओळ छापणार नाही. विनंती करू नये.

तिसरा संवाद माझ्या रूम पार्टनरने दिला. तो लातूरचा. गोष्टीत गोदाला वाटेत एक म्हातारी भेटते, तिचं गाव कसं होतं ते मला सुचत नव्हतं. याने वहीवर दोन ओळी लिहून दिल्या:

गोदा : तुमच्या गावाला नदी नव्हती का मावशी?
म्हातारी : होती की. रेल्वेनं यायची.

बाहेरगावच्या मुलांना ही अफाट कल्पना वाटली. एक जण तर म्हणाला, काय डोकं आहे! लातूरची मुलं मात्र वाचून हसली नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. माझा रूम पार्टनर तेव्हा प्राथमिक शाळेत होता. त्याच्या डोक्यात ती फॅन्टसी नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीची आठवण आहे. आमच्या सगळ्या टीझरमध्ये ही ओळ मला वरची वाटते, आणि ती मी लिहिलेली नाही हे इथे नोंदवून ठेवतो.

या तीन चिठ्ठ्या आम्ही एकेका आठवड्याच्या अंतराने मेसच्या बोर्डावर लावल्या. खाली कुणाचं नाव नाही, गेमचं नाव नाही. पायरीवाल्या चिठ्ठीखाली दुसऱ्या दिवशी पेनने उत्तरं आली होती. ‘चुना’, ‘टाइल्स’, ‘बापाचं नाव’. चौथ्या दिवशी कुणीतरी बारीक अक्षरात बरोबर उत्तराच्या अगदी जवळ जाऊन आलं होतं, तेव्हा आम्ही चिठ्ठी गुपचूप काढली. हे आम्हाला सगळ्यात जास्त सुखावणारं होतं, कारण परीक्षेपर्यंत लोकांनी विचारणा केली नाही तर प्रोजेक्ट बंद करायचा असं चौघांत ठरलं होतं. फायनल इयरला हौशीला किती दिवस देणार?

विचारणा झाली, पण आमची अपेक्षा नव्हती तिथून. मेसच्या मावशी ताटात भाजी वाढता वाढता म्हणाल्या, ‘का रे दादा, ते पाय बोलायलाय त्याचं पुढं काय झालं?’

मी म्हटलं, ‘मावशी, त्यासाठी गेम खेळावा लागंल.’

‘मला कुठं येतंय ते मोबाईलमधलं. तू सांग की.’

आता आली का पंचाईत! सांगावं तर टीझरचा सत्यानाश, कारण मावशींना सांगितलं म्हणजे दोनशे ताटांना कळलं. आणि न सांगावं तर त्यांनी पाटी लावून विचारलेला प्रश्न नाही, मनापासून विचारलाय. शिवाय भाजीचा डाव त्यांच्या हातात. चौघांनी रात्री बसून ठरवलं की गेममध्ये सगळे संवाद ऐकूही आले पाहिजेत, नुसते वाचायचे नाहीत. बटण एकच, ‘पुढं’. वाचायचा कंटाळा असणाऱ्या आपल्यासारख्यांचीही त्यात सोय होईल. त्यामुळे काम दोन महिन्यांनी वाढलंय आणि कोडिंगवाले माझ्याशी बोलत नाहीत.

तर आवाज हवे आहेत. पायासाठी घोगरा पुरुषी आवाज पाहिजे, सर्दी झालेली असल्यास प्राधान्य. गोदासाठी गर्ल्स हॉस्टेलमधून कुणी तयार असेल तर फार बरं. रात्री मेसनंतर कॉमन रूममध्ये यावं, पंखा बंद करून मोबाईलवरच रेकॉर्डिंग करतो. म्हातारीचा शोध संपलाय, तो आवाज मावशी देणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे. शेवट आधी सांगायचा.